पाठमोरी वाटणी

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते एका रिकाम्या खुर्चीशी बोलत होते.

लोखंडी, घडीची खुर्ची. एका पायाला सुतळीचे चार वेढे. जांभळाच्या झाडाखाली, नदीकडे तोंड करून मांडलेली. ते समोर उकिडवे बसून तिला सांगत होते, "वरच्या तुकड्याला पाणी फिरलं. खालच्या अंगाला उंदरं लागल्यात, बघतो मी त्येंचं. बैल जरा लंगडतोय." मधेच थांबून पलीकडचं म्हणणं ऐकल्यासारखी मान हलवत होते. मग उठले, टोपी सारखी केली आणि मला पाहून जराही न चपापता म्हणाले,

"पावणं आलं न्हाईत न्हवं आज? मग खुर्चीला सांगून ठिवलं. तुमी आलाय तर तुमी बी ऐका की."

आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, बैलासकट.

पावणं म्हणजे माझे वडील. ते कोल्हापुरात शाळामास्तर होते. कसबा बावड्यात आमचं घर, आणि शिरोळच्या बाजूला नदीकाठी दोन एकर मळीचं, म्हणजे पुराच्या गाळाचं, रान. ते रान हे गृहस्थ वाट्यानं करत. जमीन आमची, कष्ट त्यांचे, पीक निम्मं निम्मं. मास्तरांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांना बसायला म्हणून ती खुर्ची यांनीच जुन्या बाजारातून आणली होती. तिच्यावर वडिलांशिवाय कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. ते स्वतः तर कधीच नाही.

आमच्या जिल्ह्यात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. एस.टी.त जागा हवी असली तरी 'सरका की पावणं'. यांनी तो शब्द ओळखीच्या माणसांनाही लावला. माझे वडील पावणं, शेजारचा बांधकरी पावणं, गुरांचा डॉक्टर पावणं. मी पावणीबाई. शेवटी सगळा गाव उलट त्यांनाच पावणं म्हणायला लागला, आणि आमच्या घरातही तेच झालं. माझ्या वहीत आजही 'पावण्यांना निरोप देणे' अशा नोंदी सापडतात. मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी केली. कामाची यादी करायची, झालेल्यावर रेघ मारायची, राहिलेलं पुढच्या पानावर घ्यायचं, ही सवय तिथली. त्यामुळे मी विसरते कमी. पण त्यांच्याबद्दलचं जे आठवतं ते यादीत बसत नाही. ते धुक्यातून यावं तसं तुकड्यातुकड्यानं येतं.

एकदा मी विचारलं होतं, "पावणं, तुम्ही सगळ्यांनाच पाहुणे का म्हणता?"

"मग काय म्हणू? रान घरधनी हाय. आपुन दोघंबी पावणं. तुमी कागदावरनं आलायसा, मी पायानं आलोय. दोघंबी जानारच की."

रानाच्या शिवेवर आले की ते चपला काढत आणि मोठ्यांदा म्हणत, "आलो बरं का." कुणी नसे. दुपारी भाकरी खाऊन तासभर झोपत, पण रोज वेगळ्या जागी. आज जांभळाखाली, उद्या वरच्या तुकड्यात, परवा पार नदीच्या काठावर, तोंडावर टोपी ठेवून. का, तर "रोज एकाच जागी निजलं तर बाकीच्या रानाला वाटंल, ह्येला आपुन आवडत न्हाई." हे ते इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगत की हसावं की नाही ते कळत नसे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसत. "माझ्या शेजारी येवढं इचारून निजला न्हाईसा कधी," असं माझ्यासमोर म्हणत, आणि ते टोपी आणखी खाली ओढत.

जमिनीच्या मालकानं रानात किती वेळा यावं याचा त्यांचा नियम होता. वर्षातून चार खेपा. पेरणीला एक, तण भांगलायला एक, सुगीला एक. आणि चौथी बिनकामाची.

"ती चौथी चुकली तर बाकीच्या तीन वाया," ते म्हणत. "कामाला तर कोनबी येतंय. तलाठी येतोय, साखर कारखान्याचा माणूस येतोय. बिनकामाचं जो येतोय त्यो आपला."

वडील असेपर्यंत चौथी खेप त्यांची. एका वर्षी वडील आजारी होते म्हणून मला धाडलं. मी वहीत लिहिलं, 'शिरोळ, बिनकामाचं', आणि गेले. डिसेंबर असावा. नदीवरून धुकं उठून रानात आलं होतं. बांध दिसत नव्हते, पिकं दिसत नव्हती, फक्त जांभळाचा शेंडा आणि खुर्ची. त्यांनी मला बांधावर पोतं अंथरून दिलं, गुळाचा चहा दिला आणि गप्प बसले. मीही बसले. दहा मिनिटांनी विचारलं, "आता?"

"आता काय? बसायचं."

मला बिनकामाचं बसता येत नाही. मी मनातल्या मनात उरलेल्या दिवसाची कामं लावायला लागले. मग कधीतरी ती कामं एकेक करून धुक्यात गेली. पाण्याचा आवाज येत होता, पण पाणी दिसत नव्हतं. एक बगळा कुठूनतरी निघून आमच्या अगदी जवळून गेला, आणि त्याच्या पंखांचा वारा मला गालाला लागला असं अजून वाटतं, लागला नसेलही. धुकं विरलं तेव्हा दोन तास झाले होते. त्या दोन तासांत ते एकच वाक्य बोलले, "काकडी लावली तर हितं बरी येईल." मी घरी आल्यावर वहीतल्या त्या कामावर रेघ मारताना थबकले होते. झालेलं काम म्हणावं असं काही झालं नव्हतं.

उसाबद्दल त्यांना प्रेम नव्हतं. आजूबाजूला सगळा ऊस, पण आमच्या रानात ते शक्यतो भुईमूग, शाळू ज्वारी, हरभरा असलंच काहीतरी करायचे. वडील म्हणत, लोक हसतात. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "उसात काय मजा न्हाई, पावणं. गाडी भरली, गेली. इचारायला काय ऱ्हातंय?"

विचारायला म्हणजे वाटणीच्या वेळी. त्यासाठीच मी हे सारं लिहायला बसले आहे.

सुगी झाली की वाटणी रानातच व्हायची. शेंगांचे दोन ढीग ते करत. एकटेच करत, कुणाला हात लावू देत नसत. इकडची पाटी तिकडे, तिकडचे चार वेल इकडे. ओल्या मातीचा आणि कच्च्या शेंगांचा वास, उन्हं कललेली, आणि ते दोन ढिगांमध्ये वाकून हिंडताहेत. ढीग दिसायला सारखे झाले की ते त्यांवरून हात फिरवत, डोळे मिटून. मग म्हणत, "पावणं, फिरवा पाठ."

वडील उठून नदीकडे तोंड करून उभे राहत. हात मागे बांधलेले, शाळेत प्रार्थनेला उभे राहत तसे. हे एका ढिगावर हात ठेवत आणि विचारत,

"हे कुणाचं?"

वडील लगेच उत्तर देत नसत. बराच वेळ नदी बघत. मग म्हणत, "तुमचं," नाहीतर "माझं." संपली वाटणी. त्यावर कधी बोलणं नाही, कुरबूर नाही. कोणता ढीग आपल्याला येणार हे करणाऱ्याला माहीत नाही, आणि कोणता आपण दिला हे सांगणाऱ्याला माहीत नाही. मी कॉलेजात असताना वडिलांना म्हटलं होतं की यापेक्षा वजन केलेलं बरं. वडील म्हणाले, "वजनानं वाटणी होते. यानं आणखी काहीतरी होतं." काय होतं ते सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ते नदीकडे बघतानाच तेवढं कळत असावं.

वडील नव्वदच्या दशकाच्या मध्यावरच गेले. दादा पुण्याला, म्हणून रान बघणं माझ्याकडे आलं. पहिल्याच सुगीला मी गावातून काटा मागवला. तीन वाशांच्या तिकाटण्याला तो अडकवला, पोती भरली, मोजली, निम्मी निम्मी केली. तासात काम झालं. मला वाटलं होतं ते विरोध करतील. त्यांनी स्वतः पोती उचलून दिली. शेवटचं पोतं उतरवल्यावर काट्याकडे बघत म्हणाले,

"काटा बराबर हाय, पावणीबाई. चूक काढाय जागा न्हाई. पन काट्याला पाठ न्हाई."

मला ते त्यांच्या नेहमीच्या बोलण्यातलंच एक वाटलं. मी एस.टी.त बसून वहीत लिहिलं, 'वाटणी झाली', आणि रेघ मारली.

त्यानंतर दादाचे फोन सुरू झाले. तो व्यवहारी आहे, आणि त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. आमच्याकडे जमीन वाट्यानं देणाऱ्या प्रत्येक घराला एकच धास्ती असते, कूळ लागण्याची. करणाऱ्याचं नाव एकदा सातबाऱ्यावर चढलं की तो कायद्यानं कूळ, आणि मग जमीन गेली म्हणून समजा. त्यामुळे लोक दोन वर्षांच्या वर एका माणसाला रान ठेवत नाहीत. चांगला असला तरी बदलतात, किंबहुना चांगला असला तर आधी बदलतात. हे वीस वर्षं आमच्या रानात होते.

"बाबा होते तोवर ठीक होतं," दादा म्हणाला. "आता तू एकटी बाई. लिहून घे. आणि पुढच्या वर्षी माणूस बदल."

मी यादी केली. स्टँपपेपर, वकिलाकडून मजकूर, दोन साक्षीदार. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले.

वीस वर्षांत आमच्या घरातलं कुणी त्यांच्या घरी गेलं नव्हतं. ते दर दिवाळीला आमच्याकडे येत. आम्ही पहिल्यांदा गेलो ते कागद घेऊन. गावाच्या पूर्वेला बौद्ध वस्ती, तिथं दुसऱ्या गल्लीत चारखणी घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली उदबत्तीच्या राखेची बारीक रेघ. काकूंनी स्टीलच्या नव्या कपात चहा दिला. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, "वाचून दाखवू?"

"वाचाय येतंय की. सातवी झालोय."

त्यांनी मोठ्यांदा वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, एकेका शब्दावर थांबून. 'सदर जमिनीत मी कूळ नाही व पुढेही कुळाचा हक्क सांगणार नाही' इथं आले आणि काकूंकडे वळले.

"ऐकलंस का गं? उभ्या जन्मात आमास्नी कूळ इचारणारंच भेटलं. शाळंत इचारलं, पाणवठ्यावर इचारलं, आडवाटंला गाठून इचारलं, कुठलं रं, कंच्या कुळाचं? कूळ न्हाई म्हणून लिवून घेणाऱ्या ह्या पयल्याच!"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. ते हसले. मीही हसले, आणि हसता हसता कळलं की मी हसायला नको होतं.

"हितं न्हाई करत सही," ते म्हणाले. "रानात करतो. घरधन्याला कळाय पायजे."

आम्ही रानात गेलो. त्यांनी चपला काढल्या, पण 'आलो बरं का' म्हणाले नाहीत. कागद खुर्चीवर ठेवला, स्वतः खाली गुडघ्यावर बसले आणि वळणदार अक्षरात सावकाश सही केली. शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली. मग उभे राहून म्हणाले,

"आता जरा पाठ फिरवा, पावणीबाई."

"कशाला? आत्ता कसली वाटणी? रास नाही, काही नाही."

"हाय की एक. फिरवा तर."

"पावणं, मला सव्वाचारची एस.टी. गाठायचीय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग नदीकडे. मग कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

"बरं. जावा, मालकीणबाई."

एवढंच. गावातल्या शंभर माणसांनी त्या दिवशी शंभर जणींना मालकीणबाई म्हटलं असेल. मी गाडीत बसले, वहीत रेघ मारली, आणि शिरोळ मागे पडेपर्यंत मला बरं वाटत होतं. ते हात कशावर ठेवणार होते हे मी पाहिलं नाही. रानावर, कागदावर, खुर्चीवर की स्वतःच्या डोक्यावर, कुणास ठाऊक. पुढे कधी विचारायचं धाडस झालं नाही.

त्यानंतरची सहासात वर्षं सगळं अगदी शिस्तीत झालं. पेरणी वेळेवर, निरोप वेळेवर, काट्यावर वाटणी. मी गेले की ते उभे राहत. विचारलं तेवढंच सांगत. "व्हय, मालकीणबाई." "न्हाई, मालकीणबाई." मला हवं होतं तसंच सगळं होतं. दिवाळीला यायचे, पण दारातूनच जायचे. जाताना भाजक्या शेंगांची एक पिशवी आईच्या हातात द्यायचे, ती बंद झाली. दादानं सांगितलेलं काम, 'नवीन वाटेकरी बघणे', मी दर जानेवारीला नव्या वहीवर उतरवून घ्यायची. कधी वेळ झाला नाही, असं मी दादाला सांगत होते. खरं म्हणजे मी वेळ काढला नव्हता. ज्या कामाला मी वेळ काढत नाही असं माझ्या वहीत दुसरं काम नव्हतं. आणि त्यांनाही ते कळलेलं असणार, कारण दर उन्हाळ्यात मी गेले की काकू एकदा तरी विचारत, "औंदा बी हाईच न्हवं आमी?" मी म्हणे, "बघू." हे 'बघू' त्यांना दर वर्षी वर्षभर पुरत असणार.

मग एका पावसाळ्यात नदी रानात आली. दर वर्षी यायची ती काठापर्यंत. त्या वर्षी गावात शिरली, वस्तीतली माणसं शाळेत हलवली. पाणी ओसरायला लागल्यावर मी गेले. रस्त्याच्या टोकाला उभी राहिले तर पुढे रान नव्हतंच. नुसतं मातकट, संथ, उन्हात चमकणारं पाणी, आणि त्यातून जांभळाचा निम्मा शेंडा. आवाज कसलाच नाही. जुनं स्वप्न पुन्हा पडावं तसं ते दिसत होतं. ते माझ्याआधीच तिथं उभे होते, गुडघाभर पाण्यात.

"अंघोळीला बसलंय," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "उठंल. घाई करून चालत न्हाई." किती दिवसांनी ते मला एवढं बोलले होते.

पाणी पार उतरलं तेव्हा दिसलं, खुर्ची गेली होती. पुराआधी तिला झाडाशी बांधलेली सुतळी तेवढी राहिली होती.

रान अंघोळ करून उठलं ते नव्या मळीचा थर घेऊन. त्यांनी शाळू टाकला. शाळू असा आला की डिसेंबरात बांधावरून जाणारे थांबून बघत. आणि त्या डिसेंबरात मी बिनकामाची गेले. कुणी सांगितलं नव्हतं. वहीतही लिहिलं नव्हतं. कॉलेजला सुट्टी होती, सकाळी उठले आणि शिरोळवरून जाणाऱ्या कुरुंदवाडच्या गाडीत बसले.

मी पोचले तेव्हा पीकपाहणीला तलाठी आला होता. कुठल्या रानात काय पीक आहे आणि ते कोण करतंय, हे दर वर्षी लिहून घेतात, ते काम. तलाठी नवा, तरुण. बरोबर गावचा कोतवाल, जुना, सगळ्या रानांची कुंडली पाठ असलेला.

"हे रान कोण करतं?" तलाठ्यानं वही उघडत विचारलं.

पावणं काही बोलायच्या आत कोतवाल जांभळाकडे बघून ओरडला, "आरं, खुर्ची कुठं गेली?"

"पुरात गेली," ते म्हणाले.

"आता गं बया! मग ह्या साली मास्तरास्नी कुठं बसिवणार?" कोतवालाला हसू आवरेना. तलाठ्याला म्हणाला, "साहेब, गंमत सांगतो. लई वर्सं झाली, दर साली आमी हितं येतोय. दर साली इचारायचं, रान कोण करतंय. दर साली ह्यो बाबा खुर्ची दावणार आन् म्हणणार, मालक सोता करत्यात, ही काय त्येंची खुर्ची, हितंच हुतं, आत्ताच जेवाय गेल्यात. आमी आपलं लिवायचं, खुद्द. मालक खुद्द करत्यात."

मी म्हटलं, "माझे वडील जाऊन आठ वर्षं झाली."

"ठावं हाय की, ताई. मयताला आलतो मी," कोतवाल म्हणाला. "तरीबी ते जेवायच गेल्यात."

तलाठी हसला. पावणं शाळवाच्या पानाला चिकटलेला कसलातरी किडा काढत होते. तो निघत नव्हता, किंवा नव्हताच.

त्या खुर्चीला मी त्यांचा विक्षिप्तपणा समजत होते, वडिलांवरची माया समजत होते. ती तशी होतीही. पण दर वर्षी त्या खुर्चीकडे बोट दाखवून ते आपलं नाव कागदावर चढू देत नव्हते. मी स्टँपपेपरवर जे लिहून घेतलं ते त्यांनी वडिलांना, आणि वडिलांच्या मागे मलाही, दर साल न मागता दिलं होतं. आमच्या घराला त्यांचं नाव लागण्याची भीती होती. त्यांना आमच्या त्या भीतीची भीती होती. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी रान केलं ते असं, आमची भीती झोपलेली राहावी म्हणून चवड्यांवर चालत.

"मग काय लिहू?" तलाठ्यानं विचारलं.

"लिवा की खुद्द," पावणं म्हणाले. "मालकीणबाई हाईत न्हवं हितं उभ्या. ह्या साली खोटं बोलायची बी गरज न्हाई."

मी विचार न करता काही करत नाही. तेव्हाही केला. दादाचा आवाज ऐकला, वकिलाचा ऐकला, फायलीतला कागद डोळ्यांसमोर आणला. मग त्यांचं नाव सांगितलं. संपूर्ण. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. त्यांचं नाव उच्चारण्याची माझी ती पहिलीच वेळ. सांगताना मला कागदावरून वाचावं लागलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

तलाठ्यानं पेन उचललं. कोतवालाचं हसू गेलं. "ताई, इचार केलाय न्हवं? नाव लागलं की लागलं. घरात इचारलंसा का?"

"तुम्ही लिहा," मी म्हटलं. "रान हे करतात. खुद्द हेच."

तलाठ्यानं लिहिलं. पावणं आमच्याकडे पाठ करून शाळवात उभे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मला त्यांच्या पाठीवरून काही कळलं नाही.

घरी आल्यावर मी फायलीतला स्टँपपेपर काढला, आडवी रेघ मारली, रेघेवर 'रद्द' लिहून तारीख घातली. 'नवीन वाटेकरी बघणे' यावरही रेघ मारली. दादा फोनवर तासभर ओरडला आणि पुढे दोन वर्षं माझ्याशी नीट बोलला नाही. लोक मला आजही विचारतात, मग त्यांनी हक्क सांगितला का? मी सांगते, तुम्ही चौकशी फार करता. ते आता नाहीत. रान त्यांच्या घरात आहे आणि निम्मा शाळू माझ्या घरात येतो, एवढं पुरे.

त्या वर्षीच्या शाळवाची मळणी फेब्रुवारीत झाली. मी गेले. काटा मागवला नाही. त्यांनी विचारलंही नाही. टिपूर पांढऱ्या दाण्यांच्या दोन राशी त्यांनी केल्या. इकडची पाटी तिकडे, तिकडचं सूप इकडे. वय झालं होतं, मधे मधे कमरेवर हात ठेवून थांबत होते. काकू लांब बसून बघत होत्या. शेवटी त्यांनी डोळे मिटून दोन्ही राशींवरून हात फिरवला. काही म्हणाले नाहीत. मीच उठले, जिथं खुर्ची असायची तिथं गेले आणि पाठ फिरवली.

वडील इथं उभे राहून काय बघत होते ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नदी त्या जागेवरून वळताना दिसते. वळणापलीकडे ती दिसत नाही, पण तिचा उजेड दिसतो, झाडांच्या बुडख्यातून वर आलेला. एक नाव नुसतीच पाण्यावर होती, कुणीकडे जात नव्हती. ऊन पाठीवर होतं. माझ्यामागे दोन ढीग होते, एक माणूस होता, आणि त्यांच्याकडे न बघता मी उभी होते. काट्यानं जे होत नाही ते हे, असं वाटलं, आणि ते कुठल्या शब्दात लिहावं ते सुचेना.

"हे कुणाचं?" मागून आवाज आला.

उत्तराला दोनच शब्द होते. त्यातला एक म्हणायचा. मी वडिलांसारखे हात मागे बांधले. नदी बघत राहिले. मागे कुणी हललं नाही. दाण्यांवर चिमण्या उतरल्या, त्यांना कुणी हाकललं नाही.

मग ते म्हणाले, "सावकाश सांगा, पावणीबाई. सहाची बी एस.टी. हाय."